उंबरठा आणि पायऱ्या

आपल्या मंडळाच्या विद्यार्थिनी साहाय्य निधीतून डॉक्टरकी, नर्सिंग, फार्मसी अशा अभ्यासक्रमांना प्रवेश मिळालेल्या मुलींना दरवर्षी मदत दिली जाते. यंदाच्या कार्यकारिणीत एका भगिनीने प्रश्न काढला की, प्रवेश मिळालेल्या मुलींना आपण मदत करतो हे योग्यच. पण ज्या अजून तयारीच करीत आहेत त्यांचे काय? कोणी म्हणाले, प्रवेश मिळेल की नाही याचा भरवसा नसताना पैसे कसे द्यायचे? कोणी म्हणाले, खरी नड तेव्हाच असते. बोलणे बराच वेळ चालले आणि विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला. स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्या असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा हाच विषय माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. कारण ह्याच प्रश्नाशी झगडलेल्या पाच मैत्रिणींची हकीकत नुकतीच माझ्या वाचनात आली होती.

तिचे निमित्त घरचेच. माझ्या भाचीची मुलगी अमेरिकेत कॉलेजात शिकते आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे. आपल्याकडे बारावीनंतर परीक्षा देऊन मुले थेट वैद्यकीय कॉलेजात जातात. तिकडे बहुतेकांना तसे जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी घ्यायची. त्या पदवीचा विषय कोणताही असो, त्यातच जीवशास्त्र, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान हे विषय प्रयोगशाळेसह पुरे करायचे. मग साडेसात तासांची एमकॅट नावाची परीक्षा, शिफारसपत्रे, रुग्णालयातील अनुभव, निबंध, मुलाखती. आणि एवढे झाल्यावर मिळाला तर वैद्यकीय कॉलेजात प्रवेश, तोही आणखी चार वर्षांसाठी. ह्या तयारीच्या काळाला तिकडे ‘प्रीमेड’ म्हणतात. एकदा फोनवर ती वैतागून म्हणाली, “मावशीआजी, हे एवढं सगळं काढलं तरी कोणी गं?” मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. असा प्रश्न कानावर आला की मला स्वस्थ बसवत नाही.

प्रथम त्यापूर्वी काय होते ते पाहू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय कॉलेजे डॉक्टरांनी स्वतःच्या मिळकतीसाठी चालविलेली असत. फी भरू शकणाऱ्या तरुणाला प्रवेश मिळे. त्याने आधी किती शिक्षण घेतले आहे याची फारशी चौकशी होत नसे. हिवाळ्यातील काही महिने व्याख्याने ऐकायची, पुढील हिवाळ्यात बहुधा तीच व्याख्याने पुन्हा ऐकायची, की झाला डॉक्टर! रोग्याला हात न लावताही पदवी मिळू शके.

मात्र हे सैल दार पुरुषांसाठी होते. एलिझाबेथ ब्लॅकवेल ह्या बाईंनी अनेक कॉलेजांचे नकार पचवून १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील कॉलेजातून पदवी मिळविली. पण त्यामुळे इतर दारे उघडली नाहीत. म्हणून स्त्रियांसाठी वेगळी कॉलेजे निघाली. त्यांतील फिलाडेल्फियाचे कॉलेज १८५० मध्ये स्थापन झाले. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या त्या ह्याच कॉलेजात. त्यांचे वय तेव्हा अठरा. हाती पदवी नाही. कॉलेजचे तोंडही पाहिलेले नाही. गोपाळरावांनी घरी करून घेतलेला अभ्यास आणि मिशनच्या शाळांतून मिळालेले थोडेफार शिक्षण, एवढीच त्यांची शिदोरी. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या शिक्षणापेक्षा आपला निश्चयच पुढे केला. पुरुष वैद्यापुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी आपण आलो आहोत, असे त्यांनी कळविले. कॉलेजच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी तो निश्चय मोलाचा मानला आणि ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. उंबरठा ठेंगणा होता म्हणून कल्याणची ही मुलगी आत जाऊ शकली, हे आपण विसरता कामा नये. ह्या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

परंतु वेगळ्या कॉलेजाचे एक दुखणे होते. तेथून निघालेल्या बाईला मोठ्या रुग्णालयांत अनुभवासाठी जागा मिळणे कठीण जाई आणि तिची पदवी दुय्यम, असे लोक म्हणत. म्हणून पुढच्या पिढीतील काही स्त्रियांनी ठरविले की आता वेगळे दार नको. पुरुष ज्या दाराने जातात त्याच दाराने जायचे.

ही मंडळी बाल्टिमोर शहरातील. मेरी गॅरेट, केरी थॉमस, मेमी ग्विन, बेसी किंग आणि ज्यूलिया रॉजर्स ह्या पाच मैत्रिणी तरुणपणी दर पंधरवड्याला शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जमत, वाचीत, वाद घालीत. आपल्या मंडळाचा आरंभही असाच चारजणींच्या बैठकीतून झाला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पाचांपैकी चौघींचे वडील त्या शहरातील जॉन्स हॉपकिन्स यांच्या संस्थांचे विश्वस्त होते. हॉपकिन्स हा मोठा व्यापारी १८७३ मध्ये वारला आणि त्याने सत्तर लाख डॉलर मागे ठेवले. निम्मे विद्यापीठासाठी आणि निम्मे रुग्णालयासाठी. विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झाले. वडील विश्वस्त असूनही मुलीला तेथे मोकळेपणाने शिकता येईना. केरी थॉमस हिला पदव्युत्तर अभ्यासासाठी नाव घालू दिले; पण वर्गात बसू देईनात. तिने ते सोडले, युरोप गाठले आणि १८८२ मध्ये झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत मिळविली.

मेरी गॅरेटची गोष्ट वेगळी. तिचे वडील बाल्टिमोर अँड ओहायो ह्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. मेरी कॉलेजात गेली नाही. पण वडिलांची चिटणीस म्हणून त्यांचा पत्रव्यवहार सांभाळता सांभाळता करार कसे होतात, शब्द कुठे घट्ट बांधायचा असतो, हे ती शिकली. वडील १८८४ मध्ये वारले आणि तिच्या वाट्याला मोठी संपत्ती आली.

ह्या पाचजणींनी आपल्या कार्याचा आरंभ वैद्यकीय कॉलेजापासून केला नाही. तो केला शाळेपासून. १८८५ मध्ये त्यांनी बाल्टिमोर येथे मुलींसाठी ब्रिन मॉर स्कूल काढले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर हे मुलींचे कॉलेज सुरू झाले होते आणि केरी थॉमस त्याची डीन होती. शाळेचा नियम असा की, त्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय शाळेचा दाखलाच मिळायचा नाही. मग मुलगी पुढे कॉलेजात जावो अथवा न जावो. मुलींना शिवणकाम, गाणे आणि चार शिष्टाचार शिकवून लग्नाला उभे करण्याच्या त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! लॅटिन, गणित, विज्ञान, शिवाय व्यायामशाळाही. म्हणजे मुलगी उद्या कोणत्याही दाराशी जाऊन उभी राहिली, तर तिची तयारी अपुरी आहे असे कोणाला म्हणता येऊ नये.

पुढे हॉपकिन्सचे रुग्णालय १८८९ मध्ये उघडले. त्याला जोडून वैद्यकीय कॉलेज काढायचे होते. पण विद्यापीठाचा पैसा बहुतांशी रेल्वेच्या शेअरांत अडकलेला आणि त्यांवरचा लाभांश बंद झालेला. प्राध्यापक नेमलेले, रुग्णालय तयार, आणि कॉलेजला पैसा नाही! मैत्रिणींनी ही वेळ ओळखली. १८९० मध्ये त्यांनी स्त्रियांची निधी समिती स्थापिली आणि निरनिराळ्या शहरांत तिच्या शाखा काढल्या. वॉशिंग्टनच्या शाखेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन स्वतः होत्या. काही महिन्यांत एक लाख डॉलरांवर रक्कम जमली. त्यातील जवळजवळ निम्मी मेरी गॅरेटची. अट एकच: पुरुषांना ज्या अटींवर प्रवेश, त्याच अटींवर स्त्रियांना. असा प्रयत्न पूर्वीही झाला होता. हार्वर्डला एका बाईने १८७८ मध्ये दहा हजार डॉलर देऊ केले होते आणि हार्वर्डने ते नाकारले होते. हॉपकिन्सच्या विश्वस्तांनी नाकारले नाही. पण पाच लाख जमल्याशिवाय कॉलेज उघडणार नाही, असे सांगून टाकले. एवढे जमणार नाही, असे काहींच्या मनात असावे.

अखेर १८९२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मेरी गॅरेटने उरलेले ३,०६,९७७ डॉलर आपण एकटी देतो असे पत्र पाठविले. त्या पत्रातील अटी वाचून विश्वस्त आणि प्राध्यापक दोघेही चरकले. स्त्रियांना समान प्रवेश ही जुनी अट होतीच. नवीन अट अशी की, येणाऱ्या प्रत्येकाजवळ, पुरुष असो वा स्त्री, आधीची पदवी असली पाहिजे. जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान यांचा अभ्यास झालेला असला पाहिजे. आणि वैद्यकातील ताजी पुस्तके वाचता यावीत म्हणून फ्रेंच व जर्मन आले पाहिजे. अटी मोडल्यास पैसे परत! गंमत अशी की, ही कल्पना मूळची कॉलेजचे प्रमुख प्राध्यापक विल्यम वेल्श यांचीच. त्यांनी ती कागदावर लिहिली होती. पण एवढी कडक अट घातली तर विद्यार्थी येतील कोठून, अशी धास्ती आता त्यांनाच वाटू लागली. मेरी गॅरेटने माघार घेतली नाही. १८९३ च्या आरंभी, किरकोळ खुलासे होऊन, अटी मान्य झाल्या. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर हे थोर वैद्य वेल्शना थट्टेने म्हणाले की, आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे बरे झाले. विद्यार्थी म्हणून आपणा दोघांना कोणी घेतले नसते!

तेव्हा माझ्या नातीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. तयारीचा हा डोंगर एकट्या बायकांनी रचला नाही. पण तो करारात बांधून घेतला तो मात्र एका बाईने, स्वतःच्या पैशाने. त्यामागचा विचार मला फार दूरदृष्टीचा वाटतो. उंबरठा सर्वांना सारखा आणि उंच असला, की आत आलेल्या बाईला ‘दयेने घेतली’ असे कोणी म्हणू शकत नाही.

ऑक्टोबर १८९३ मध्ये कॉलेज उघडले. पहिल्या वर्गात अठरा विद्यार्थी. त्यांत तीन स्त्रिया. नंतरच्या मुलींनी प्रवेशासाठी काय केले ते पाहण्यासारखे आहे. फ्लॉरेन्स सेबिन ही स्मिथ कॉलेजची १८९३ ची पदवीधर. पुढच्या फीला पैसे नव्हते म्हणून तिने तीन वर्षे शिकविण्याचे काम केले, पै-पैसा साठविला आणि १८९६ मध्ये प्रवेश घेतला. तिच्याच वर्गातील डॉरथी रीड हिच्याजवळ पदवी होती. परंतु रसायन आणि पदार्थविज्ञान कमी पडत होते. ते विषय तिने मुद्दाम बोस्टनच्या तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आज आपण जिला एमआयटी म्हणतो तेथे जाऊन पुरे केले. दोघीही १९०० मध्ये डॉक्टर झाल्या. हॉजकिन ह्या रोगात दिसणाऱ्या विशिष्ट पेशींचे अचूक वर्णन रीडने १९०२ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या पेशींना आजही तिचे नाव आहे.

मात्र दार सारखे झाले म्हणून आतले घर सारखे झाले नाही. रीडला तेथे अध्यापनाची जागा मिळण्याची आशा दिसेना, म्हणून तिने ती संस्था सोडली. पुढे माता आणि बालके यांच्या आरोग्यासाठी तिने मोठे काम केले. सेबिन १९१७ मध्ये हॉपकिन्सची पहिली पूर्ण प्राध्यापिका झाली. पण शरीररचनाशास्त्र विभागाचे प्रमुखपद तिला न देता तिच्याच एका विद्यार्थ्याला देण्यात आले. आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. केरी थॉमसच्या समानतेच्या कल्पनेत सगळ्याच स्त्रिया नव्हत्या. कृष्णवर्णीय आणि ज्यू यांच्याविषयी तिचे विचार संकुचित होते. हॉपकिन्सच्या वैद्यकीय कॉलेजातून पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी डॉक्टर होऊन निघाले ते थेट १९६७ मध्ये.

आता उंच उंबरठ्याची दुसरी बाजू. अब्राहम फ्लेक्सनर हे गृहस्थ स्वतः डॉक्टर नव्हते. ते हॉपकिन्सचे पदवीधर आणि लुइव्हिल गावी मुलांना कॉलेजप्रवेशासाठी तयार करणारी शाळा चालविलेले शिक्षक. कार्नेगी संस्थेच्या वतीने त्यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय कॉलेजे पाहिली आणि १९१० मध्ये अहवाल दिला. प्रवेशापूर्वी कॉलेजची किमान दोन वर्षे हवीतच असे म्हणणारी कॉलेजे त्यांना फक्त सोळा आढळली. हॉपकिन्सचा कित्ता सर्वांनी गिरवावा, असे त्यांनी सांगितले. सुधारणेला सुरुवात आधीच झाली होती. ह्या अहवालाने तिला वेग आला. १९२० पर्यंत बहुतेक सर्व कॉलेजांनी ती अट घातली आणि भोंदू कॉलेजे बंद पडली. रोग्यांचे त्यात निःसंशय कल्याण झाले.

पण त्या वादळात लहान कॉलेजेही गेली. कृष्णवर्णीयांची सात वैद्यकीय कॉलेजे होती. त्यांतील दोनच टिकली. अहवालाच्या वेळी स्त्रियांची तीन कॉलेजे चालू होती. टिकले ते केवळ आनंदीबाईंचे फिलाडेल्फिया. मोठ्या कॉलेजांत स्त्रियांना घेत, पण मोजक्याच. हार्वर्डने तर १९४५ पर्यंत दार लावूनच घेतले होते. तयारीला आता जास्त वर्षे आणि जास्त पैसा लागू लागला. ज्या घरात मुलाच्या शिक्षणालाच पैसा पुरत नसे, तेथे मुलीला कॉलेजची ही वर्षे कोण देणार? आनंदीबाई पन्नास वर्षांनी जन्मल्या असत्या, तर त्या निश्चयाच्या पत्रावर त्यांना कोणी आत घेतले असते असे मला वाटत नाही.

त्यानंतर परीक्षेची भर पडली. प्रवेश घेतलेले पुष्कळ विद्यार्थी मध्येच गळतात, काही कॉलेजांत तर निम्म्यापर्यंत, असे दिसल्यावर १९२८ मध्ये पहिली देशव्यापी चाचणी घेण्यात आली. तिचेच पुढचे रूप म्हणजे एमकॅट. २०१५ मध्ये तिच्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आले, कारण नुसती रसायने ओळखणाऱ्याला माणूस ओळखता येतोच असे नाही. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला. त्याच्या आधी, १९७० च्या सुमारास, वैद्यकीय कॉलेजांच्या नव्या विद्यार्थ्यांत स्त्रिया शंभरात दहा-अकराच होत्या. २०१७ मध्ये त्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाल्या. पहिल्या वर्गातील तिघींपासून येथवर यायला जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली.

ह्या इतिहासात मला एक गोष्ट राहून राहून जाणवते. उंबरठा उंच केल्याने बायका मागे पडल्या असे नाही आणि पुढे गेल्या असेही नाही. जेथे उंबरठ्यापर्यंत पायऱ्या होत्या तेथे त्या पुढे गेल्या. जेथे नव्हत्या तेथे थांबल्या. त्या पाच मैत्रिणींना हे उमगले होते, म्हणून त्यांनी आधी शाळा काढली आणि मग अट घातली. त्यांच्याच ब्रिन मॉर कॉलेजने १९७२ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला की, दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्यांना नंतर डॉक्टर व्हावेसे वाटले तर राहिलेले विज्ञानाचे विषय तेथे पुरे करता यावेत. डॉरथी रीडला जी धावाधाव करावी लागली ती आता मुलींना एके ठिकाणी करता येते.

आपल्याकडची रीत निराळी आहे. पूर्वी इंटर सायन्सच्या गुणांवर प्रवेश मिळे. आपल्या मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींना त्या वर्षाची धाकधूक अजून आठवते. आता ‘नीट’ ही एकच परीक्षा देशभर आहे. डॉक्टरकीचा उंबरठा सर्वांना सारखा झाला, हे चांगलेच झाले. परंतु खाजगी शिकवणीची फी, पुस्तकांचा संच, परीक्षाकेंद्रापर्यंतचा प्रवास, घरात अभ्यासाला शांत कोपरा, ह्या पायऱ्या सर्वांना सारख्या मिळालेल्या नाहीत. आपल्याच गल्लीत स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांचे करून रात्री दहानंतर पुस्तक उघडणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला प्रवेश मिळेल, याची हमी मला देता येणार नाही. फ्लॉरेन्स सेबिन ज्या तीन वर्षांत मुली शिकवून पैसे साठवीत होती, त्या वर्षांत तिचीही हमी कोणी दिली नसती.

तयारी करणाऱ्या मुलीला दिलेला पैसा प्रवेश न मिळाल्यास वाया जातो, असे सभेत बोलले गेले. मला तसे वाटत नाही. डॉक्टरकीला प्रवेश न मिळालेली मुलगी त्याच विज्ञानाच्या बळावर नर्सिंगला, फार्मसीला, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञानाला जाते किंवा शाळेत विज्ञान शिकविते. आणि ब्रिन मॉर स्कूलचा दाखला घेऊन कॉलेजात न गेलेली मुलगी काही अडाणी राहिली नव्हती.

तेव्हा माझी सूचना अशी की, निधीच्या वार्षिक रकमेचा तिसरा हिस्सा प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलींसाठी राखून ठेवावा. त्यातून परीक्षेचे शुल्क, पुस्तके आणि केंद्रापर्यंतच्या प्रवासाचा खर्च द्यावा. मंडळाची खोली दुपारच्या भजनानंतर रिकामीच असते. ती संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिका म्हणून उघडी ठेवावी. देखरेखीला आळीपाळीने आपण बसू. माझे नाव सोमवार आणि गुरुवारसाठी लिहून घ्यावे. ज्यांना विज्ञानाचे विषय येतात अशा निवृत्त शिक्षिका आपल्यात तीन-चार तरी आहेत. त्यांनी आठवड्याचा एक तास दिला तरी पुष्कळ काम होईल.

हा ठराव पुढील सभेत येईल. भगिनींनी त्यावर मोकळ्या मनाने विचार करावा आणि मंडळाच्या ह्या वर्धापनवर्षातच त्याला आरंभ व्हावा, अशी माझी सर्वांना विनंती आहे.